विजयाकाकूंचा दुसरा सूर्य

मे-जूनात विजयाकाकूंकडे पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं लागायचं. काकू रस्त्यावरच्या दिव्याच्या आड तळहात धरायच्या आणि कापसाच्या जिनिंगच्या टिनाच्या छपराच्या जरा वर बोट दाखवायच्या. "तो पाहा, मित्र तारा. आपल्या सूर्यावाणीच हाय, शेजारीच म्हणा. तिथून निघालेला उजेड चार वर्षांनी दिग्रसले पोचते. पण पुसदच्या गाडीवाणी मधात बंद नाही पडत!" पाहुण्याला चहा हवा असायचा, तो मुकाट मान डोलवायचा.

काकू मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. आम्ही समोरच राहायचो. "कोणी सांगतलं म्हणून मानू नोका, काहून ते विचारा," हे त्यांचं पालुपद. घरात मात्र त्यांचं हे 'काहून' चालत नसे. काका लहानपणी आजारात जाता जाता वाचले, तेव्हापासून त्यांच्या आईनं, म्हणजे आजींनी, नेम धरला होता: सूर्याचं दर्शन झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात नेमाला काही अडचण नव्हती. पावसाची झड लागली, की आजी उपाशी. आणि सासूआधी सुनेनं जेवायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून काकूही उपाशीच शाळेत जायच्या. मला त्या घराचा फार राग यायचा.

एका जूनअखेरीस झड काही केल्या उघडेना. आजींना साखरेचा आजार, हात थरथरायला लागले. "आई, दोन घास खाऊन घे न," काका विनवत होते. "तुयासाठीच तर हे. गप बस तू," आजी म्हणाल्या.

तिन्हीसांजेनंतर दक्षिणेकडचं आभाळ फाटलं. काकूंनी मला हाक मारली. आम्ही दोघींनी आजींना धरून धरून गच्चीवर नेलं.

"आई, हात जोडा. हाही सूर्यच हाय, फक्त लय दूर हाय."

"चांदणी हाय ते. मले फसवतं काय वं?"

"शाळेत पोरींले हेच शिकवतो मी. खोटं शिकवीन काय?"

आजींनी आभाळाकडे कमी आणि सुनेच्या तोंडाकडे जास्त पाहिलं. मग हात जोडले. खाली येऊन काकूंनी त्यांना गरम वरणभात भरवला. "सुटलो बाई," काकू मला म्हणाल्या, आणि रडल्या.

दोन हिवाळ्यांमागे आजी गेल्या. जाताना सुनेचा हात धरून म्हणाल्या, "माया लेकासाठी आता सूर्य तू पाहत जाय." काकू हो म्हणाल्या. अशा वेळी नाही कोण म्हणतं?

यंदा पुन्हा झड लागली. मी झुणका-भाकर घेऊन गेले, तर काकू ओसरीत बसलेल्या, ओठ सुकलेले. ताट झाकून ठेवलेलं.

"काकू, तुम्ही मानता हे?"

"नाही मानत. पण मी खाल्लं, आन यायले काही झालं तर?" काकूंनी आत काकांकडे पाहिलं.

अंधार पडल्यावर आभाळ जरा उघडलं, तशी मी त्यांना ओढतच गच्चीवर नेलं. तारा होता, टिनांवर स्वच्छ चमकत होता.

"जोडा हात आणि जेवा. तुम्हीच सांगितलं होतं ना आजींना, हाही सूर्यच आहे म्हणून?"

काकूंनी ताऱ्याकडे पाहिलं. हात कठड्यावरून उचलले नाहीत.

"त्यायले मी सांगतलं, म्हणून चाललं," त्या म्हणाल्या. "आता मले कोण सांगन?"