बिनडोळ्यांचं जनावर

"आवो बाय, पन त्याला कुनी बगलंय का?"

"नाही ना, कुणीच नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले."

"मंग मी बनवू कशावरना? ना फोटो, ना साचा."

विचुंब्याच्या चंद्रावतीचा गणपतीचा कारखाना. दोन हजार बाराचा जानेवारी सरत आलेला. समोर अरुंधती बाई, नवीन पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. शाळेचा गणपती दरवर्षी इथूनच जायचा. पण या खेपेला बाईंना विज्ञान दिनासाठी भलतंच काहीतरी हवं होतं. गुरू ग्रहाच्या एका चंद्रावर म्हणे जाडजूड बर्फ आहे आणि त्याच्या खाली समुद्र. तिथं जीव असलाच तर कसा असेल, ते शाडूत करून द्यायचं. मुलं भोवतीनं बर्फ आणि समुद्र उभा करणार होती.

"तिकडं उजेड किती?" चंद्रावतीनं विचारलं.

"अजिबात नाही. कायमचा काळोख."

बाई गेल्या तशी माती चाळणारी शोभा हसली आणि साचा सांधणारा हरेश, म्हणजे चंद्रावतीचा धाकटा दीर, बोललाच, "वैनी, तू आखनीवाली. डोलं आखायला तुना पेनचे मूर्तीवाले पन बोलावतील. पन साच्याबिगर तुज्या हातना बाप्पाचा उंदीर तरी निंगेल काय?"

हे तिला झोंबलं, कारण खोटं नव्हतं. साचे आधी सासऱ्याचे, मग नवऱ्याचे, तो गेल्यावर हरेशचे. लग्न होऊन आल्यापासून ती दुसऱ्याच्या साच्यात माती दाबत आली आणि शेवटी डोळे आखत आली. डोळे असे आखायची, की गिऱ्हाईक बोलता बोलता गप्प व्हायचं. पण अख्खी मूर्ती तिची अशी एकही नव्हती.

"बनवतंय का नाय ते बगच तू," ती म्हणाली.

बनवलं. सहा हात, पाठीवर खवले, मागं शेपूट. वर डोळे आखले, आणि आखताना जीव ओतला. सकाळी शोभा आली, तिनं बघितलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"काय गो?"

"वैनी, ह्यो तर बाप्पाच हाय."

चंद्रावती मागं सरून बघायला लागली. पोट सुटलेलं. एक पाय मुडपलेला. सहापैकी एक हात आशीर्वादाला वर. हातांना जी सवय, ते हातांनी केलं होतं. हरेश हसून हसून मातीच्या गोणीवर बसला. "तुजा परग्रहवाला पन विचुंब्याचाच निंगाला गो!"

दुसरी कुठली मूर्ती बिघडती तर तिनं ती फोडून भिजत घातली असती. पण हिची आखणी झाली होती. या कारखान्यात डोळे आखले की हातोडी लावायची नाही, पाण्यातच सोडायची. मग काय, पाटावर ठेवलं, डोक्यावर घेतलं, शोभाला बरोबर घेतलं आणि गाढी नदीकडं निघाली. माघी गणपतीचेच दिवस. वाटेत एका मोटारसायकलवाल्यानं थांबून हात जोडले.

"मावशी, कुठला गणपती?"

"लांबचा हाय," चंद्रावती म्हणाली आणि चालत राहिली.

नदीचं पाणी गढूळ. मूर्ती बुडवली तसं स्वतःचं मनगट दिसेना. माती मात्र बोटांना कळत होती: आता खवले सुटले, आता नाक गेलं. ती तशीच वाकून राहिली. माहेरी खाडीच्या चिखलात बिळात हात घालून ती चिंबोऱ्या ओढायची. तिथं कुठं काय दिसायचं? बोटांनीच बघायचं.

"वैनी, चल, थंडी वाजतंय."

"थांब जरा. मना बगू दे."

घरी आल्यावर तिनं एकाही साच्याकडं बघितलं नाही. तारेला काथ्या गुंडाळला, वर माती चढवली. चपटं, लिबलिबीत अंग. कडेनं सगळीकडं बोटंच बोटं, कुठं लांब, कुठं आखूड, प्रत्येकाचं टोक निबर. तोंड खाली, कारण ऊब समुद्राच्या तळातून येत असेल, असं बाई म्हणाल्या होत्या. वाळलं तसं मेणचट पांढरा रंग दिला आणि ब्रश धुऊन ठेवला.

हरेशनं चारी बाजूंनी फिरून बघितलं. या वेळी हसला नाही.

"डोलं राह्यलं गो."

"राह्यलं नाय. दिलं नाय. काळोखात त्याला डोलं काय करायचेत?"

शाळेत टेम्पोतून उतरवायला तिच्याबरोबर हरेशच गेला. पोरांच्या गर्दीत एक सुकापूरचा मंडळवाला होता, देखावे करणारा. त्यानं जनावराच्या बोटांवरून हात फिरवला आणि विचारलं, "साचा कुणाचा?"

"साचा नाय त्याला," हरेश इतक्या मोठ्यानं बोलला, की चार लोकांनी वळून बघावं. "आमच्या वैनीनी हातानी बनवलाय. डोक्यातना."

चंद्रावती पदराला हात पुसत उभी होती. पुसायला हाताला काही लागलेलं नव्हतं.

परतताना टेम्पोत हरेशनं हळूच विषय काढला. "वैनी, शाळेतना परत आला का मी त्याचा साचा काढू? तू हो बोललीस तर."

सासऱ्यापासून या घरात साच्यासाठी कुणी तिला विचारलं नव्हतं. टेम्पो पूल उतरला, मग ती म्हणाली, "काढ. पन मी बाजूला बसेन. एक बोट पन वाकडा नको."

कारखान्यात शोभानं माती मळून ठेवली होती. चंद्रावतीनं पदर खोचला, माती चिकटू नये म्हणून गणपतीच्या साच्याला भुकटी मारली आणि पहिला गोळा अंगठ्यानं कोपऱ्यात दाबला.

"शोभा, गोनपाट वल्ला कर गो, माती सुकतंय."