दिसेल असं बोला

आमच्या आतोबांइतका बोलका माणूस सबंध सोलापुरात नव्हता, आणि तरीही त्यांच्या तोंडून सलग चार वाक्ये ऐकल्याचे मला काही आठवत नाही. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. मूळचे मोडनिंबकडचे. मिसरूड फुटायच्या आत सोलापूरच्या एका कापडगिरणीत आले, मागावर लागले, आणि पुढे विणकाम खात्याचे जॉबर, म्हणजे विणकरांवरचे मुकादम झाले. मी त्याच गिरणीच्या हापिसात कारकून होतो. त्यामुळे आतोबा मला घरीही दिसत आणि गिरणीतही दिसत, आणि ही दोन माणसे एकच आहेत हे मला पुष्कळदा स्वतःला बजावून सांगावे लागे.

ज्यांनी विणकाम खाते चालू असताना पाहिलेले नाही त्यांना तिथल्या खडखडाटाची कल्पना देणे अवघड आहे. शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडावे, तर त्याला फक्त तुमच्या तोंडातल्या तंबाखूचा वास कळतो. आमच्या विणकरांत कुणी तेलुगू बोलणारे, कुणी अक्कलकोटकडचे कानडी बोलणारे, कुणी दखनी, कुणी आमच्यासारखे. पण खात्याच्या दारात सगळ्यांनाच आपापली भाषा चपलेसारखी बाहेर काढून ठेवावी लागे. आत चाले ती हातांची आणि ओठांची बोली. दोन बोटे जुळवून झटकन दूर केली की धागा तुटला. मूठ उलटी केली की धोट्यातली कांडी, म्हणजे आडव्या सुताची गुंडाळी, संपली. दोन्ही तळवे खाली दाबले की माग बंद कर. पोटावरून हात गोल फिरवला की मॅनेजरसाहेब येताहेत. या बोलीतले आतोबा महापंडित. खात्याच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला ते नुसती कामे सांगत नसत. त्याच्या सासूची चौकशी करत, त्याने काल बाजारातून आणलेल्या वांग्यांना नावे ठेवत, आणि तो रागावला तर त्याची समजूतही तिथूनच काढत.

पार टोकाच्या मागावर नरसय्या नावाचा तेलुगू विणकर होता. तो आतोबांचा जिवाभावाचा मित्र. नरसय्याला मुलगी झाली तेव्हा तिचे नाव काय ठेवावे यावरून दोघांचे अर्धा दिवस हातांनी भांडण चालले होते, आणि मधल्या ओळीतले विणकर माना इकडून तिकडे फिरवत ते पाहत होते. पुढे एका सुट्टीच्या दिवशी मंगळवार पेठेत हे दोघे समोरासमोर आले. भोवती खडखडाट नाही, काही नाही. नरसय्या आनंदाने तेलुगूत काहीतरी बोलला, आतोबा मराठीत काहीतरी बोलले, आणि दोघेही चमकून गप्प झाले. इतकी वर्षे गळ्यात गळा घालून राहिलेल्या या मित्रांना एकमेकांची भाषा येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले! मग भर बाजारात त्यांनी हातवारे सुरू केले. केळीवालीने दोघांना मुके समजून हळहळत एकेक केळे हातावर ठेवले. आतोबांनी ते घेतलेही. वर तिला हातांनीच सांगितले की केळी थोडी कच्ची आहेत.

बोलणे हे ऐकायचे नसते, पाहायचे असते, असा आतोबांचा सिद्धांत होता. कुणी पाठमोरे बोलू लागले की ते त्याला खांद्याला धरून आपल्याकडे वळवत आणि म्हणत, "दिसंल असं बोला की." दिवा विझला की त्यांचे बोलणेही विझे. पण त्यांचे खरे वैर होते मिशांशी. मिशीवाल्या माणसावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. धाकट्या मुलीला अक्कलकोटचे चांगले सांगून आलेले स्थळ त्यांनी मोडले. मुलगा देखणा, घरची शेती, माणसे देवभोळी. आत्याने कपाळाला हात लावून विचारले की, खोट तरी काय आहे? आतोबा म्हणाले, "मिशी लई हाय. त्येचं बोलणं दिसत न्हाय." शेवटी मुलगी वळसंगच्या एका सफाचट तोंडाच्या मास्तराला दिली, आणि तो बोलत असताना आतोबा त्याच्या ओठांकडे इतक्या कौतुकाने पाहत की बिचारा जावई लाजून घास गिळायचे विसरे.

सिद्धेश्वराच्या देवळात एकदा एका बुवांचे प्रवचन फार लांबले. मागे उभे असलेल्या आतोबांनी दोन्ही हात वर करून तळवे जोरात खाली दाबले. म्हणजे माग बंद करा. बुवांना वाटले, भक्ताला भावावस्था आली. त्यांनी तिथूनच आतोबांना नमस्कार केला आणि नव्या हुरूपाने आणखी तितकेच प्रवचन केले.

घरी मात्र हा माणूस म्हणजे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. जेवायला बसावे, जेवावे, उठावे. आत्या बोलायला तिखट आणि बोलण्याची भुकेली. तिचे सगळे बोलणे याच्या अंगावरून पाण्यासारखे वाहून जाई. मी गेलो की ती माझ्यापाशी गाऱ्हाणे मांडे, "गिरणीत समद्या जगासंगं बोलतोय म्हनं ह्यो मानूस. हितं आला की दातखीळ. मी काय भिताडासंगं संसार केला व्हय रं?" मी हसून सोडून देई. तिचे डोळे भरून येत ते मला दिसत होते, पण नवराबायकोत आपण काय बोलणार?

अशात आमचे मॅनेजरसाहेब मुंबईला जाऊन आले आणि येताना डोक्यात टेलिफोन घेऊन आले. चिठ्ठ्या पाठवण्यात वेळ जातो, नोटीस लावली तर वाचणारा सापडत नाही; तेव्हा यापुढे हापिसातून प्रत्येक खात्याला हुकूम टेलिफोनवरून सुटेल, असे ठरले. विणकाम खात्याच्या कोपऱ्यात काचेची एक खोली करून तिथे यंत्र बसवले. आतोबांनी खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहिले, फूल घातले आणि आपल्या मते त्याचा विषय संपवला. पण विषय संपेना. घंटी वाजलेली कुणाला ऐकू जाणार? जवळच्या मागावरच्या विणकराला घंटीवरची हातोडी थरथरताना दिसे. तो आतोबांना खूण करी. आतोबा आत जाऊन यंत्र कानाला लावत. हापिसात आम्हाला नुसता खडखडाट ऐकू येई आणि मधूनच एक अदबशीर "व्हय जी." खात्यात असे काय चालते म्हणून मी एकदा दुसऱ्या कारकुनाला टेलिफोनवर बसवले आणि स्वतः जाऊन पाहिले. आतोबा एका हाताने यंत्र कानाशी धरून दुसऱ्या हाताने त्याला भराभर उत्तरे देत होते. बोटे नाचत होती, भुवया उडत होत्या. त्यांच्या बाजूने बोलणे अगदी मोकळेपणाने चालले होते!

एकदा साहेबांनी स्वतः टेलिफोनवरून हुकूम दिला की काळ्या काठाची धोतरे थांबवा आणि लाल काठाची चालू करा. आतोबा म्हणाले, "व्हय जी." आणि काळ्या काठाची धोतरे पूर्वीपेक्षा जोरात निघत राहिली. गोदामात ढीग लागला तेव्हा साहेबांनी आतोबांना बोलावून घेतले. मीही तिथेच टेबलाशी होतो.

आता आमच्या साहेबांची मिशी म्हणजे साळुंकीने बांधलेले घरटे. तिच्या आतून ते जे काही बोलले त्यातले आतोबांना अवाक्षर दिसले नसणार. आतोबांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या नकळत, खात्यात चिठ्ठ्या पोचवताना लागलेल्या सवयीने, साहेबांचे शब्द मी आवाज न करता ओठांनी पुन्हा बोललो. आतोबांनी चोख उत्तर दिले. दुसरा प्रश्न, पुन्हा तसेच. साहेब रागीट होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि आतोबांना विचारले, "तुमचं नाव काय?"

आतोबा म्हणाले, "व्हय जी."

हापिसातले दोघेतिघे फिस्सकन हसले. साहेब हसले नाहीत. ते उठून आतोबांच्या मागे गेले आणि त्यांनी एकदा जोरात टाळी वाजवली. आतोबा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तसेच नम्रपणे पाहत उभे राहिले. मग कुणीच हसले नाही.

खात्याच्या खडखडाटाने कान कधीचे खाऊन टाकले होते. जिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, तिथे एकाला कमी ऐकू येते हे कळणार कसे? कमाल म्हणजे आतोबांना स्वतःलाही पत्ता नव्हता. गिरणीच्या डॉक्टरांनी समोर बसून, ओठ नीट हलवून त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मला वाटायचं, जग अलीकडं लई शांत झालंय. लोकं शहाणी झाली म्हनलं."

टेलिफोनवरचा हुकूम ऐकू न येणारा जॉबर गिरणीला नको होता. साहेबांनी त्यातल्या त्यात बरे म्हणून फाटकावरच्या राखणदारीचे काम देऊ केले. आतोबांनी हात जोडले. "भोंगा ऐकू येत न्हाय, तितं चोर काय ऐकू येनार मला?" असे म्हणून ते घरी आले.

त्यानंतरचे आतोबा मला बघवत नसत. सुरुवातीला पाळी सुटायच्या वेळेला ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहत. विणकर बाहेर पडताना हात वर करत, चार खुणा होत; नरसय्या तर घरी जायचे विसरे. पण दमलेल्या माणसांना रोज रोज कुठवर थांबवणार? हळूहळू आतोबांनी जाणे सोडले. घराच्या ओट्यावर बसून राहत. हात मांडीवर पालथे पडलेले. आत्याही बोलायची थांबली. बोलून बोलून थकलेली ती बाई आता मुकाट्याने ताट वाढी, आणि त्या घरात भांडे पडले तरी दचकणारी ती एकटीच उरली होती.

मग दुपारची आत्या घरातून नाहीशी होऊ लागली. शेजारणींनी कुजबुज केली. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "नरसय्याच्या घरी जाते. त्येची पाळी सकाळची असती. त्येला आपलं बोलनं येत न्हाय, मला त्येंचं येत न्हाय. मग हातच चालवायचा की! त्यास्नी बोलू नगंस हां."

त्या वर्षी संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. आतोबा नेहमीसारखे ओट्यावर. मी त्यांच्याशेजारी टेकलो. आत्या आतून पिठाच्या हातांनी बाहेर आली, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली, पदर खोचला आणि तिने मूठ उलटी केली. कांडी संपली.

आतोबा बघतच राहिले. आत्याने पुन्हा मूठ उलटी केली आणि घराकडे बोट दाखवले. नरसय्याने बिचाऱ्याने तिला मागाच्याच खुणा शिकवल्या होत्या. दुसऱ्या त्याला तरी कुठल्या सुचणार? घरातला गूळ संपला होता, एवढेच तिचे म्हणणे. आतोबा उठले. मला वाटले, दुकानात निघाले. पण त्यांनी आत्याचे मनगट धरले, तिची मूठ उलगडली आणि एकेक बोट पुन्हा नीट मिटवून दिले. अंगठा बाहेर नको, आत हवा. नव्या विणकराला शिकवावे तसे. भर दिवसा, रस्त्यावरच्या ओट्यावर, चारचौघांदेखत त्या काळात नवऱ्याने बायकोचा हात असा धरावा! समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. आत्याचे तोंड लाल झाले. "लोक बघत्यात वो," ती म्हणाली. ते त्यांना दिसले असणार, पण त्यांनी हात सोडला नाही, आणि तिनेही तो काढून घेतला नाही.

त्यानंतर त्या घरात काय गोंगाट सुरू झाला म्हणून सांगू! आवाज मात्र कसलाही नाही. जावई येणार असला की आत्या पोटावरून हात फिरवी. आतोबांनी भाकरी जास्त खाल्ली की ती दोन्ही तळवे खाली दाबी. भांडणे तर अशी होत की जाणारे येणारे थबकून पाहत. नव्या खुणा रोज निघत, आणि त्यावरून पुन्हा भांडण. माझ्या घरात आम्हा दोघांना स्वच्छ ऐकू येते, म्हणूनच की काय कोण जाणे, आम्ही एकमेकांचे फारसे ऐकत नाही. मला त्यांचा सरळ हेवा वाटे.

एके दिवशी गेलो तर दोघे ओट्यावर समोरासमोर बसलेले. आतोबा काहीतरी विचारत होते आणि आत्या हसत मान हलवत होती. कशावरून चालले आहे, मी विचारले.

आत्या म्हणाली, "काय न्हाय रं. म्हनत्यात, इतकी वरसं सैपाक करताना तू माझ्यासंगं काय काय बोलत हुतीस, त्ये समदं आता सांग. आता मला कुटनं आठवायचं?"

पण ती सांगत होती. सावकाश, चुकत माकत, अडेल तिथे ओठ हलवत. आतोबा पुढे वाकून पाहत होते. मी तिळभरही आवाज न करता उठलो, आणि मग माझे मलाच हसू आले. आता ते दोघेही नाहीत. त्या दिवशी मी उठून गेल्याचे मात्र त्यांच्यापैकी कुणालाच कळले नाही.