तिन्ही अंदाज एकच सांगत होते

ऑक्टोबरातली दुपार. ओझरच्या विमानतळावर आमचं दोन इंजिनांचं छोटं विमान इंधन भरून उभं होतं. शेजारी रुग्णवाहिकेत निफाडकडचा एक शेतकरी स्ट्रेचरवर पडून होता. पन्नाशीच्या आतला, पण अंग हळदीसारखं पिवळं. यकृत पार निकामी झालेलं. हैदराबादच्या रुग्णालयातून सकाळी फोन आला होता, यकृत मिळतंय, संध्याकाळच्या आत पोचा. नाहीतर ते दुसऱ्या रुग्णाला जाणार होतं.

मी सहवैमानिक, नोकरीत नवी. कॅप्टन लष्करातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. हवामान बघून ठेवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

टॅबवर माझी तीन ॲप होती. बीड, लातूर करत जाणारी सरळ वाट तिन्हींवर स्वच्छ दिसत होती. हवामान खात्याचा अंदाज मात्र वेगळा होता. त्यात दुपारनंतर बीडच्या बाजूला गडगडाटी ढगांचा इशारा होता. मी कॅप्टनना सांगितलं, तीन विरुद्ध एक आहे, सरळ जाऊ.

त्यांनी टॅब हातात घेतला. ही तिन्ही ॲप आकडे कुठून घेतात, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं, तिन्ही परदेशातल्या एकाच संगणकी अंदाजावर चालतात. फक्त रंग वेगळे.

"म्हणजे हे तीन साक्षीदार नव्हेत," ते म्हणाले. "एकच माणूस तीनदा बोलतोय. आणि तो कधी बोललाय ते बघ."

पहाटे बोलला होता. खात्याचा अंदाज त्यामानाने ताजा होता. उपग्रहाचं सर्वांत नवं चित्र उघडलं, तर बीडच्या डोंगरांवर पांढरे ठिपके उमटू लागले होते. जालना, परभणी, नांदेड हा उत्तरेचा पट्टा मोकळा होता. लांबचा, पण मोकळा. कॅप्टननी तीच वाट धरायचं ठरवलं. परत फिरावं लागलं तर पुरेल एवढं इंधन आहे ना, ते पुन्हा तपासून घेतलं.

त्या शेतकऱ्याची बायको विमानाच्या पायरीशी उभी होती. तीही सोबत येणार होती. ती वर बघून म्हणाली, "ताई, आभाळ तर निवळ हाय. मग येळ का लावता?"

पुढचं आभाळ बघतोय, एवढंच मी म्हणाले. वाट चुकीची निवडली तर आम्ही सगळे जाणार होतो, आणि थांबलो तर तिचा नवरा.

जालन्यापर्यंत विमान पाण्यावरून गेल्यासारखं गेलं. परभणीच्या अलीकडे समोरच्या रडारवर आधी हिरवा डाग आला, मग पिवळा, आणि बघता बघता मधोमध लाल, म्हणजे मुसळधार पावसाचा. कुठल्याच अंदाजात तो नव्हता. लाल डागाच्या मागे पडदा काळा, म्हणजे रिकामा दिसत होता. मी उजवीकडून वळसा घालून त्या रिकाम्या जागेत शिरू म्हणाले.

"ती जागा मोकळी नाही," कॅप्टन म्हणाले. "पावसाच्या भिंतीपलीकडचं रडारला दिसत नाहीये."

तेवढ्यात रेडिओवर पुढच्या प्रवासी विमानातला आवाज आला. उजव्या अंगाला गारा आहेत, आम्ही डावीकडे वळलोय. कॅप्टनही डावीकडे वळले. तरी ढगाची कड आम्हाला लागलीच. विमान खाली आदळल्यासारखं झालं. टाचणीएवढ्या गारा काचेवर तडतडू लागल्या. मागे सलाइनची बाटली हुकावरून निसटली, ती सोबतच्या डॉक्टरांनी हाताने धरून ठेवली. मला उंची वाचून दाखवायची होती, पण मी काचेवरच्या गाराच बघत राहिले. कॅप्टननी माझ्याकडे न बघता शांतपणे विचारलं, "उंची?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी आकडा सांगितला. तो घसरत होता. मागून त्या बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. आपण या सगळ्यांना मारायला आणलंय, असं मला खरोखर वाटलं.

मग एकदम ऊन आलं. नांदेडवरून दक्षिणेला वळलो आणि हैदराबादला उजेड असतानाच उतरलो. रुग्णवाहिका धावपट्टीजवळच थांबली होती. ती बाई माझा हात धरून काहीतरी बोलली, पण कानात अजून गाराच वाजत होत्या.

विमान लावल्यावर मी उपग्रहाचं चित्र पुन्हा उघडलं. बीडवरचे ठिपके विरून गेले होते. ढग वाढलेच नव्हते, सरळ वाट मोकळीच राहिली होती. त्या तीन ॲपचंच खरं ठरलं होतं. मी ते कॅप्टनना दाखवलं.

"निघताना हे चित्र आपल्याकडे नव्हतं," ते म्हणाले. "उद्याही मी तसंच ठरवीन." पण टॅब परत देण्याआधी त्यांनी ते चित्र आणखी दोनदा उघडून बघितलं. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याने मला धीर आला नाही, उलट मी जास्तच घाबरले.

शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली. तो माणूस वाचला, आता शेतातही जातो. मी अजून उडते. खात्याचा अंदाज, उपग्रह, ॲप, पुढे गेलेल्या विमानांचे निरोप, सगळं ताडून बघते. कोणता अंदाज कोणाच्या आकड्यांवरून आलाय आणि किती जुना आहे, ते आधी विचारते. सगळे एकाच सुरात स्वच्छ म्हणाले, की मी आणखी एकदा तपासते.