टाचेला शिकंजा

लोणावळ्यात बजरंग सुतार दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. त्याने केलेला जोड सुटत नसे आणि त्याच्या तोंडून कुणाबद्दल बरा शब्द निघत नसे. बंगलेवाले त्याच्या लेखी अडाणी, बाकीचे सुतार लाकूडफोडे. सगळ्यांत जास्त तिरस्कार वाहिदचा. वाहिद सोमाटण्याच्या माळावर मेलेल्या जनावरांची कातडी आणि शिरा मंद आचेवर शिजवून सरस करी. बजरंग त्याच सरसाने लाकूड जोडी, पण वाहिद आला की नाकाला उपरणे लावून त्याला अंगणाबाहेर उभा ठेवी.

छत्तीस साली कपाटाला बसवायचे काचेचे तावदान घसरले आणि बजरंगच्या उजव्या टाचेमागची, पोटरीला टाचेशी बांधणारी जाड शीर कापली गेली. डॉक्टरांनी ती शिवून प्लास्टर घातले. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढताना बजावले, आता पाय रोज थोडा थोडा हलवायचा. बजरंगचे काम उकिडवे बसून, पायाच्या बोटांत फळी धरून चाले. टाच जमिनीला टेकली नाही तर धंदाच बसणार होता.

डॉक्टरला अजून मिसरूड फुटायचे आहे, असे म्हणत तो घरी आला आणि शिरेला ओढ बसू नये म्हणून पाऊल खाली वळवून त्याने सागाच्या दोन पट्ट्यांत करकचून आवळले. सरस लावून शिकंज्यात आवळलेला जोड सुकण्याआधी हलला की वाया जातो, मग शीर तरी वेगळी कशाला? बायकोने, कस्तुराबाईने, पट्ट्या सोडा म्हटले तर तिची अक्कल चुलीपुरती ठरली. शिरा वाहिदच्या रोज हाताखालच्या, म्हणून तिने त्याला गाठून समजवायला बोलावले.

तो नेहमीसारखा अंगणाबाहेरूनच बोलला. “बजरंगभाऊ, मी रोज शिरा उकलतो. नांगराला चाललेल्या बैलाची शीर उकलली की धागं सरळ निघत्यात. लंगडा हून दावणीला पडलेल्याची बघा, नुसता गुंता. जित्या अंगात धागं नवं विणलं जात्यात, आन् वढ आसंल तसं रांगेला लागत्यात. तुमी वढच दिली न्हाई, तर त्यांनी कसं बसायचं?”

“कातडी शिजवणारा मला जोड शिकवनार?” बजरंग म्हणाला. “सरस ठेव आन् नीघ.”

“सरस मेलेला आसतो, भाऊ. पाय न्हाई,” वाहिद म्हणाला आणि डबा ठेवून गेला.

पट्ट्या निघाल्या त्या आणखी चार महिन्यांनी. शीर जुळली होती खरी, पण गाठाळ आणि आखडलेली. टाच जमिनीपासून चार बोटे वर राहिली. उकिडवा बसायला गेला की बजरंग मागे कलंडे. कस्तुराबाईने तेल चोळून पाऊल ओढून पाहिले, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. पाऊल हलले नाही.

शेवटी त्याने कमरेइतके उंच मेज केले आणि डाव्या पायावर भार देऊन उभ्याने रंधा मारू लागला. एकदा हौशीराम सुतार मदतीला आला आणि सवयीने उकिडवा बसून त्याने फळी पायात धरली. बजरंगने त्याला वरून न्याहाळले. असे माकडासारखे बसून काम करणारे सुतार नव्हेत, असे त्याने ऐकवले, आणि हौशीरामला सबंध दिवस उभा ठेवला.