विसाव्या खेळीची घाई

तुम्ही दोघं फोनवर पाच-पाच मिनिटांचे डाव खेळता आणि मला, तुमच्या आजीला, हरवल्याचं कौतुकाने सांगता, म्हणून माझ्या एका डावाबद्दल लिहिते. सत्तरच्या दशकात नागपुरात मी तो खेळले आणि हरले.

बुद्धिबळ मला माझ्या बाबांनी शिकवलं. कचेरीतून आले की महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत ते पट मांडत. ते देशी पद्धतीने शिकलेले. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. दोन घरांची चाल त्यांना शेवटपर्यंत उतावळेपणाची वाटायची. पटावर आपली जागा जास्त असेल तर मारामारी करायची नाही, असं ते सांगत. अदलाबदल टाळायची, समोरच्याला त्याच्याच सोंगट्यांच्या गर्दीत राहू द्यायचं. तो आपण होऊन चुकतो. मी तशीच खेळायचे. कॉलेजात मला गोगलगाय म्हणत.

त्या हिवाळ्यात बाबा दवाखान्यात होते. फुप्फुसांचं दुखणं. डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं की आठवडा निघाला तरी खूप. आमच्याकडे आजारी माणसाला असं सांगत नसत. सोमवारी घरी सोडणार आहेत असं बाबांना सांगायचं, हे दादाने आणि मी ठरवलं. त्याच आठवड्यातल्या महिलांच्या बुद्धिबळ स्पर्धेतून मी नाव काढून घेतलं असतं तर त्यांच्या लक्षात आलंच असतं, म्हणून खेळायला गेले.

शेवटचा डाव सीताबर्डीच्या एका शाळेत होता. समोर वर्ध्याच्या एक शिक्षिका, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. पंधरा-सोळा खेळ्यांत माझी प्यादी पटाच्या मध्यापलीकडे पोचली. त्यांच्या सोंगट्या मागच्या तीन ओळींत दाटीवाटीने उभ्या होत्या. बाई हत्ती एक घर डावीकडे न्यायच्या आणि पुढच्या खेळीला परत आणायच्या. मधेच हसून म्हणाल्या, "मी अशी संध्याकाळपर्यंत बसते, पोरी. मले काय घाई?"

घाई मला होती. खेळ सातपर्यंत चालणार होता आणि दवाखान्यात भेटीची वेळ पाच ते सात. जिंकण्याची वाट मला दिसत होती: कडेचं प्यादं एक घर पुढे, मग घोडा सावकाश त्या बाजूला आणायचा. त्याला दोन-तीन तास लागले असते. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. विसाव्या खेळीला मी त्यांच्या राजासमोरचं प्यादं उंटाने मारलं. राजाने उंट घेतला. मी घोड्याने शह दिला, तर राजा कोपऱ्यात न जाता सरळ बाहेर आला, आणि पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं. अदलाबदल झाली, पट मोकळा झाला, त्यांच्या अडकलेल्या सोंगट्यांना वाट मिळाली. साडेचारला मी हार मानली.  बाई माझ्या पाठीवर हात ठेवून उठल्या.

सव्वापाचला मी बाबांच्या खाटेपाशी होते.

"जिंकली काय वं?"

मी हो म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि खेळ्या सांगायला लावल्या. पटाशिवाय त्यांना सगळं दिसायचं. मी एकेक खेळी सांगत गेले. उंटापाशी त्यांनी हात वर केला.

"उंट दिला? काहून?"

"हल्ला चांगला होता, बाबा."

"राजा बाहेर नाही आला?"

"नाही. कोपऱ्यात गेला."

त्यांनी डोळे उघडले. 

"तू कधी घाई करत नाहीस. डॉक्टर काय म्हणाले तुले?"

"सोमवारी सोडणार म्हणाले."

त्यांनी मान हलवली. धाप लागत असतानाही भिंतीकडे सरकून खाटेवर माझ्यासाठी जागा केली.

"बस मंग. सात वाजायले वेळ आहे अजून."

मी बसले. त्यांनी आणखी काही विचारलं नाही आणि मी खरं सांगितलं नाही. त्या वेळेसाठी मी डाव घालवला होता. सातला शिपायाने घंटा वाजवली तेव्हा मी उठले.

शनिवारी सकाळी ते गेले.

त्या डावाची नोंद उतरवून सोबत पाठवते आहे. राजा बाहेर आल्याचं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. विसाव्या खेळीला थांबा आणि कडेचं प्यादं एक घर सरकवून पुढे खेळून पाहा. मी अजून ते केलेलं नाही.