नाती सोडवणारे काका

पंथ काढायला साक्षात्कार लागतो असं मला वाटायचं. माझ्या मावशीच्या यजमानांना नुसता रुसवा पुरला. बेळगावला सख्ख्या पुतण्याच्या लग्नात त्यांना कुणी जेवायला बोलावलं नाही, शेवटच्या पंगतीत बसावं लागलं, आणि बंगळूरला परतताना बसमध्ये त्यांना उमगलं की नातं हेच दुःखाचं मूळ. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जन्मभर सुपरवायझर, त्यामुळे समोर माणसं उभी असल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. ती माणसं महादेवपुऱ्याहून आली: पुण्या-नागपूरची, आयटीतली, रोज संध्याकाळी आईचा ‘फोटो बघितलास का मुलीचा’ असा फोन येणारी. रविवारी सकाळी गच्चीवर एकेकानं उठून एक नातं सोडायचं. ‘मी माझ्या आत्याला मोकळं केलं’ म्हटलं की टाळ्या, मग उप्पीट. उप्पीट मावशी करायची. तिला काकू म्हणायला बंदी होती, म्हणून सगळे हवेत बघून ‘अजून थोडं मिळेल का’ म्हणायचे.

काकांचा उत्साह दांडगा. अण्णा म्हणणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला ते थांबवून नात्यांचा फोलपणा समजावत. तो सगळं ऐकून घेई आणि ‘सरी अण्णा’, म्हणजे ‘बरं दादा’, म्हणून मीटर टाकी. मलाही म्हणाले, ‘काका म्हणू नकोस.’

‘मग काय म्हणू?’

‘काही म्हणायची गरजच काय?’

मी मुळातच कमी बोलते, मला सोयीचंच होतं. पण मी या शहरात नवी असताना ह्याच माणसानं मला रोज स्कूटरवरून ऑफिसच्या दारापर्यंत सोडलं होतं, आणि कुणी विचारलं तर ‘आमची मुलगी’ म्हणून सांगितलं होतं.

एका रविवारी एकानं विचारलं, ‘सर, तुम्ही कुणाला सोडलंत?’ काका अडकले. बेळगावचा भाऊ तर कधीच सुटला होता. तेवढ्यात मावशी उप्पिटाचं पातेलं घेऊन जिन्यातून वर आली.

‘मी हिला मोकळं केलं,’ काका म्हणाले. टाळ्या थांबेनात. मावशीनं सगळ्यांना वाढलं, पातेलं घासलं, आणि दुपारी के. आर. पुरमला माझ्या घरी आली. ‘मोकळं केलंय ना, मग राहते मोकळी,’ म्हणाली.

काकांना वाटलं, संध्याकाळी येईल. ती गेली नाही. पंथ मात्र वाढला. एवढा मोठा त्याग दुसऱ्या कुणी केला होता? तिला परत बोलावलं असतं तर गच्ची रिकामी झाली असती. काकांनी गच्ची राखली.

डिसेंबरात ते आमच्या इमारतीच्या फाटकाशी आले. हातात मावशीचा स्वेटर. ‘पहाटे खोकला होतो तिला,’ म्हणाले.

‘वर चला.’

‘नको.’

‘कुणी दिला म्हणून सांगू?’ मी मुद्दामच विचारलं. एरवी तासभर बोलणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक शब्द सापडेना. शेवटी ‘थंडी वाढायच्या आत दे,’ एवढं म्हणून स्कूटर सुरू न करताच ढकलत निघाले.

वर मावशीनं स्वेटर नाकाशी धरला. ‘धुतला नाही वाटतं,’ म्हणाली. मग तो अंगात घालून खिडकीशी गेली. खाली सिग्नलला स्कूटरींची दाटी होती. चौथ्या मजल्यावरून त्यातली एकही ओळखू येत नव्हती. तरी ती बराच वेळ बघत उभी राहिली.