पेवरला पाणी

आमच्या नागावात उन्हं कलली की घरोघरी माड-पोफळीची वाडी शिंपायची पद्धत. विहिरीवरचा पंप चालू करायचा, पाटाने पाणी सोडायचं आणि एकेका झाडाच्या आळ्यात, म्हणजे बुंध्याभोवतीच्या खोलगट खड्ड्यात, ते वळवायचं. हे काम माझ्या सासूबाईंचं होतं. एक आळं भरलं की पायानेच मातीचा बांध घालायच्या आणि पुढच्या झाडाकडे वळायच्या. त्यानंतर मागचं दार उघडं ठेवून आम्ही जेवायला बसायचो. ऐन मे महिन्यातसुद्धा पहाटे गोधडी पायावर ओढून घ्यावी लागायची.

ती वाडी मी तोडायला लावली. आमचे हे तोंडातून शब्द काढत नाहीत, त्यामुळे लोक म्हणतात दोघांनी ठरवलं. खोटं आहे ते. शेजारच्यांनी कॉटेज बांधली, दारात मुंबईच्या गाड्या लागायला लागल्या, आणि मी मात्र पोफळीच्या झावळ्या गोळा करत बसले होते. माझा जळफळाट झाला. तीन कॉटेज, पुढे झोपाळा आणि उरलेल्या सगळ्या जागेत सिमेंटचे पेवर ब्लॉक. माती म्हटली की चिखल, आणि चिखल म्हटला की गेस्टची कटकट.

झाडं तोडली त्या दिवशी आई, म्हणजे सासूबाई, एकेका माडाला हळदकुंकू लावून आल्या. करवत चालू झाली तशा चुलीपुढे जाऊन बसल्या. त्याचा मला जास्त राग आला.

एसी बसवणाऱ्याने विचारलं, बाहेरची मशीन कुठे लावू? गेस्टच्या बाजूला आवाज नको, मी म्हटलं, मागे लाव. मागे, दोन हातांवर, आईंच्या खोलीची खिडकी होती. मला माहीत होतं. तीन मशीन तिच्या समोर लागली. खोलीत रात्रभर भट्टीचा वारा यायचा. पेवर दिवसभर ऊन पिऊन रात्री ते ओकायचे. आणि गेस्टचे एसी चालू झाले की गावची लाइट मान टाकायची, घरातल्या पंख्याची पाती मोजता यावीत इतका तो हळू फिरायचा.

आईंची सवय काही सुटली नाही. उन्हं कलली की बादली घेऊन त्या मागे जायच्या आणि पेवरवर पाणी ओतायच्या. पेवरमधून गरम वाफ उठायची. मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ. मग एकदा नीट बघितलं. ओल्या जागा सगळीकडे नव्हत्या. मधे अंतर सोडून गोल गोल ओतलेलं होतं, जिथे जिथे माड होता तिथे. एकही जागा चुकली नव्हती.

मी म्हटलं, "आई, सिमेंटला काय नारळ लागणारेत?"

"हाताला चैन न्हाय पडत ग," त्या म्हणाल्या. "आणि जमीन लय तापलीय."

पुढच्याच आठवड्यात एक गेस्टबाई त्या ओल्यावर घसरली. लागलं काही नाही, पण फोनवर आमच्याबद्दल वाट्टेल ते लिहून गेली. मी मागच्या नळाची तोटी काढून कपाटात ठेवली, चावी कमरेला. आई न्हाणीतून तांब्या भरून न्यायला लागल्या. मी तांब्यापण काढून घेतला. उचलली जीभ लावली टाळ्याला, काय काय बोलले ते आता लिहवत नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. तिन्ही कॉटेज भरलेली. जेवणं आटोपल्यावर आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"आजची रात एक मशीन बंद ठेवशील काय? भिंत भाजतेय."

"गेस्टला काय सांगू? माझ्या सासूला झोप येत न्हाय, तुम्ही घामात पडा?"

"न्हाय, राहू दे," म्हणून त्या गेल्या.

सकाळी चहा घेऊन मी गेले. छातीवर ओला पंचा टाकून झोपल्या होत्या. पंचा वाळून कडक झाला होता. डॉक्टर म्हणाले, उष्म्याने गेल्या, रात्रीचंसुद्धा अंग निवलं नाही. लोक म्हणाले, वय झालं होतं, हाल न होता सुटल्या. मीही तेच म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. आमच्याकडे तेव्हा एकेक जण पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतो. यांनी दिला, तुझ्या नातीचं लग्न थाटात करीन. नणंदेने दिला, माहेर तोडणार नाही. कावळा सुरूच्या झाडावर बसून होता, हलेना. ऊन चढलं. वाळू पोळायला लागली. नणंद माझ्याकडे बघत होती, मग सगळेच बघायला लागले.

मी पुढे झाले, हात जोडले. "आई, मागचे पेवर उखडते. तुमचे माड होते तिथेच परत लावते."

मी मागे सरकलेही नाही तोवर कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. नणंद माझ्या गळ्यात पडून रडली.

त्या जागेवर आता चौथं कॉटेज आहे. दिवाळीच्या आत बांधून झालं. त्याचंही मशीन मागेच लावलं, दुसरीकडे जागा नव्हती. सीझनला आमची खोलीसुद्धा गेस्टला देतो. हे ओटीवर पडतात आणि मी आईंच्या खोलीत. झोप कसली येते? पंचा ओला करून छातीवर टाकते.

नणंद तिकडे सुरतेला असते. तिने शब्द दिला होता, पण आईमाघारी तिचं येणं सुटलंच. फोन तेवढा न चुकता करते.

"वहिनी, माड कसे आहेत?"

"चांगले आहेत. खिडकीपर्यंत आलेत."

"पाणी घालतेस ना रोज?"

"घालते."

"आईला तिकडे गारवा लागत असेल बघ," ती म्हणते. मी हो म्हणते, फोन ठेवते आणि भिंतीपासून जरा लांब सरकते.